आधी स्वेटर काढ

नर्सबाई लिहिणार म्हटलं की लोकांना बाळंतपणं हवी असतात. बैलगाडीत झालेलं, नाल्याच्या काठावर झालेलं, जुळं, तिळं. या अंकाच्या संपादकबाईंनीही फोनवर तेच सुचवलं. माझ्याकडे तशी दोन-चार आहेत, पण सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली आहेत की त्यातलं खरं किती आणि मी पदरचं घातलेलं किती, हे आता मलाही सांगता यायचं नाही. म्हणून मी एका स्वेटरबद्दल लिहिणार आहे. त्यात पदरचं घालायची सोय नाही, कारण ते सगळं पाहिलेली बाई जिवंत आहे आणि माझ्यापेक्षा तिचं स्मरण चांगलं आहे.

मी चौतीस वर्षं आरोग्यसेविका होते. त्यातली एकोणीस नागपूरजवळ, कोराडी आणि खापरखेड्याच्या मधल्या एका गावात गेली. गावाचं नाव सांगत नाही. एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्राच्या चिमण्या, आणि रस्त्यानं दिवसभर कोळशाचे ट्रक. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी झटकलं की त्यातून राख पडायची. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याचं कपाट आणि मी.

बाहेरच्या लोकांना वाटतं, नर्स म्हणजे सुया टोचणारी बाई. गरोदर बाईच्या बाबतीत सुई दोनदाच असते. बाकी दर महिन्याचं काम साधं आहे. वजन करायचं, डोळ्याची पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का पाहायचं, पोटावर हात ठेवून बाळ कुठवर आलं ते बघायचं, लघवी तपासायची, बीपी घ्यायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या. आणि मग त्या गोळ्या ती खाईल, घरचे तिला खाऊ देतील, यासाठी तास-तास बोलत बसायचं. पगार पहिल्या कामांचा मिळतो आणि दमायला शेवटच्या कामानं होतं.

नागपूर म्हटलं की लोक उन्हाळ्याबद्दल बोलतात. उन्हाळ्यातल्या गरोदर बाईची मला कधी भीती वाटली नाही. तिला होणारा त्रास उघड दिसतो. ती घामेजते, तिला चक्कर येते, घरातली माणसं धावपळ करतात. हिवाळा लबाड आहे. हिवाळ्यात सगळं छान चाललेलं असतं. भूक लागते, शेतात हरभरा असतो, तुरीचे ओले दाणे, म्हणजे सोले असतात, ताजी वांगी असतात, झोप लागते. बाई गोधडीत गुरफटून बसलेली असते आणि सगळे म्हणतात, किती सुखात आहे. तिला तहान लागत नाही, म्हणून ती पाणी पीत नाही. संडास अंगणाच्या टोकाला, म्हणून तर मुळीच पीत नाही. मग लघवीला आग होते, ते ती कोणाला सांगत नाही. हिवाळ्यात सगळं कपड्याखाली चालतं.

पार्वताबाई आणि त्यांची सून वनिता माझ्या आयुष्यात आल्या त्या अशाच एका डिसेंबरात. (वनिता हे नाव खरं नाही. काय ठेवू, असं तिलाच विचारलं. ते तिनं स्वतः पसंत केलं आहे.) वीस-बावीस वर्षं झाली असतील. वनिताला सातवा महिना लागला होता, पहिलंच. नवरा सुधाकर वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. सुनेला टाकून बोलणाऱ्या सासवा मला खूप भेटल्या, पण पार्वताबाईंसारखी सुनेवर जीव टाकणारी सासू विरळाच. त्यांचं ते जीव टाकणंच मला भारी पडायचं.

मी घरी तपासायला गेले तर वनिता आतल्या खोलीत बाजेवर. खिडकी बंद, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, आणि बाजेखाली सिगडी. कोळसा आमच्या गावात कोणी विकत घेत नसे, रस्त्यावर ट्रकमधून पडलेला वेचला तरी हिवाळा निघायचा. खोलीत पाय ठेवताच माझं डोकं गरगरलं. वनिता म्हणाली, सकाळपासून डोकं दुखतंय. मी आधी दार उघडलं, मग सिगडी उचलून अंगणात नेली आणि मग पार्वताबाईंवर तोंड सोडलं. बंद खोलीतल्या कोळशाचा धूर दिसत नसला तरी तो मारतो, आणि पोटातल्या बाळाला आधी मारतो, असं मी त्यांना सांगितलं. पार्वताबाईंनी पदरानं वनिताचं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मंग पोरीले थंडीत मारू का, बाई?"

प्रश्न रास्त होता. मी उत्तर दिलं, "तिले स्वेटर घ्या एक चांगलं. जाडं."

हे वाक्य लक्षात ठेवा. ते माझं होतं.

त्याच दिवशी संत्र्याचीही लढाई झाली. नागपूरची संत्री साऱ्या देशात जातात, पण नागपूरकडच्या गरोदर बाईच्या तोंडात हिवाळ्यात ती जात नाहीत. संत्रं थंड. आईनं संत्रं खाल्लं की बाळ पोटातूनच नाक गळत येतं, असं पार्वताबाईंचं ठाम मत. घरामागे चार झाडं लगडलेली आणि वनिता त्यांच्याकडे मागच्या दारातून बघायची. मी चार गोष्टी समजावल्या, लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर वाया जाते आणि संत्र्याबरोबर घेतली तर अंगी लागते, हेही सांगितलं. पार्वताबाई ढिम्म. शेवटी मी विचारलं, संत्रं थंड असतं ना, मग दुपारपर्यंत उन्हात ठेवलं तर? त्यांनी बराच विचार केला. उन्हात ठेवलेलं कसं थंड राहील, हे त्यांनाही पटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगणात सुपात संत्री वाळत पडल्यासारखी दिसू लागली आणि दोन वाजता वनिता उन्हात बसून दोन संत्री खाऊ लागली. पुढे ही उन्हातल्या संत्र्याची युक्ती मी गावभर चालवली. शास्त्र विचाराल तर त्यात काही नाही. पण बाई तासभर उन्हात बसायची, आणि तेवढ्यात मी तिला एक तांब्या कोमट पाणीही पाजून घ्यायची.

आठवड्यानं सुधाकर नागपूरला बर्डीच्या बाजारातून स्वेटर घेऊन आला. वांगी रंगाचं, गळाबंद, लांब बाह्यांचं, पुढे एक बटण नाही. डोक्यातून घालायचं. लोकर अशी दाट की पाणी ओतलं तरी आत जाऊ नये. वनिता त्यात शिरली ती बाहेर आलीच नाही. झोपताना, स्वयंपाक करताना, उन्हात संत्री खाताना अंगात तेच. मी तिला पाहिलं की मला समाधान वाटायचं, कारण सिगडी बंद झाली होती. आता बोलायला सोपं आहे, की गरोदर बाईनं एक जाड घालण्याऐवजी पातळ दोन-तीन घालावीत, पुढून बटणांची, म्हणजे उकडलं तर एक काढता येतं. तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

जानेवारीत एके दिवशी फार थंडी पडली. उपकेंद्राची तपासणीची खोली उत्तरेकडे, फरशी बर्फासारखी. त्या दिवशी बावीस गरोदर बाया आल्या होत्या, शिवाय लहान मुलांच्या लसी. बाहेर उन्हात रांग, दार उघडं, दारात दोघी-तिघींचे नवरे उभे. मी डोक्याला आणि कानांना मफलर घट्ट गुंडाळून काम करत होते. वनिता आली तेव्हा बारा वाजत आले असतील. आठवा महिना लागला होता. पार्वताबाई तिच्या मागे उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड कौतुकानं फुललं होतं.

"पाहा बाई, पोरीचं आंग कसं भरलं," त्या म्हणाल्या. "आली तवा काडी होती."

आमच्याकडे सुनेचं अंग भरणं ही सासूच्या मानाची गोष्ट. वजन केलं. महिन्यात पुष्कळ वाढलं होतं. मी म्हटलं, सोल्यांची भाजी आणि संत्री कामाला आली. वनिता म्हणाली, डोकं दुखते. मी तिला झापलं, की पुन्हा सिगडी आत घेतली असणार. तिनं नाही म्हणून मान हलवली, पण मी माझ्याच हुशारीत होते. लघवी आणायला सांगितली होती, ती तिनं आणली नव्हती. पुढच्या वेळी आण, म्हटलं. मग बीपी.

हे जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. त्या वेळी आमच्याकडे पाऱ्याचं यंत्र होतं. दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुगा दाबून पारा वर चढवायचा, कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवायचा आणि हळूहळू हवा सोडायची. पारा उतरताना एका ठिकाणी कानात टकटक सुरू होते, तो वरचा आकडा. पुढे ती थांबते, तो खालचा. म्हणजे बीपी डोळ्यांनी नाही, कानांनी घ्यायचं असतं. पट्टा उघड्या दंडावर हवा. स्वेटरवरून घेतलेलं बीपी म्हणजे झाकण न उघडता भाजी आळणी की खारट ते सांगणं.

वनिताची बाही वर सरकेना. मनगटाजवळच अडकली. काढायचं तर स्वेटर डोक्यातून काढावं लागणार, दारात पुरुष, पोरगी थंडीनं कुडकुडत होती आणि माझ्याकडे केविलवाणं बघत होती. मला तिची दया आली. आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला. बाहेर अजून दहा जणी होत्या. मी पट्टा स्वेटरवरूनच गुंडाळला. फुगा दाबला, हवा सोडली. पारा उतरताना पाहिला. मग कार्डावर लिहिलं: १२०/८०.

आमच्या धंद्यात हा आकडा फार सोयीचा. तो लिहिला की कोणी काही विचारत नाही. गोल, गुटगुटीत, निरोगी आकडा.

चार दिवसांनी पार्वताबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी संध्याकाळी पाचला गेले. अंगणात सतरंजीवर बायका, मध्ये वनिता पाटावर, हिरवं लुगडं आणि वरून ते वांगी स्वेटर. पार्वताबाई तिळगूळ वाटत सगळ्यांना एकच गोष्ट सांगत होत्या. सकाळी कासार आला होता. मागच्या महिन्यात ज्या मापाच्या बांगड्या सुळकन गेल्या, त्या आज जाईनात. साबण लावला, तेल लावलं, दोन फुटल्या. "कासार घामाघूम झाला वं," त्या हसत म्हणाल्या. "इतकं आंग भरलं माह्या सुनेचं."

बायका हसल्या. माझ्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. महिन्याभरात पोट वाढतं, गाल वाढतात. मनगटाचं हाड वाढत नाही.

मी वनिताजवळ जाऊन बसले आणि तिच्या पायातला मोजा खाली ओढला. मोज्याच्या रबराचा वळ पायात रुतला होता. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. मी तिच्या कानात विचारलं, डोकं अजून दुखतं का. ती म्हणाली, "हाव. अन् डोळ्यापुढं चमकून राह्यलं बाई, सकाळपासून."

अंग भरलं नव्हतं. अंगात पाणी भरलं होतं, आणि ते चार दिवसांपूर्वीही होतंच. गरोदरपणात बीपी वाढलं की सूज येते, लघवीतून प्रथिनं जातात, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे येतात, आणि मग झटका. त्यात आई जाते, बाळ जातं, कधी दोघं. हे सगळं मला पाठ होतं, कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

उपकेंद्र चार घरं पलीकडे. मी यंत्र, परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि कात्री घेऊन आले. बायकांना अंगणातच थांबवून वनिताला आत नेलं. स्वेटर डोक्यातून काढायचा प्रयत्न केला, सुजलेल्या हातातून ते निघेना. मी कात्री घेतली आणि डावी बाही मनगटापासून खांद्यापर्यंत कापून काढली. पार्वताबाई दारातून ओरडल्या, नवं सेटर आहे, काय करून राह्यल्या बाई. मी मफलर काढून फेकला, नळ्या कानात घातल्या. एकशे सत्तरला टकटक सुरू झाली आणि एकशे दहाच्या खाली उतरेपर्यंत थांबली नाही. लघवी नळीत घालून दिव्यावर धरली, तर दही लागल्यासारखी पांढरी झाली.

सुधाकर ड्युटीवर होता. शेजारच्या माणसाची काळी-पिवळी जीप दारात उभी केली. वनिताला मागच्या बाकावर डाव्या कुशीवर झोपवलं, डोकं माझ्या मांडीवर. पार्वताबाई पायाशी बसल्या. निघताना त्यांनी ते कापलेलं स्वेटर उचलून तिच्या अंगावर घातलं. रस्त्यात रेल्वेचं फाटक बंद होतं. कोळशाची मालगाडी. मी आजवर त्या फाटकात हजार वेळा थांबले असेन, पण डबे मोजले ते त्या दिवशी. अठ्ठावन्न. त्या अठ्ठावन्न डब्यांत मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिला झटका आला. पण पायऱ्यांवर आला, जीपमध्ये नाही, आणि आत सगळं तयार होतं. इंजेक्शनं सुरू झाली. तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून कार्ड घेतलं, पाहिलं आणि म्हणाल्या, चार दिवसांपूर्वी एकशे वीस-ऐंशी? इतक्यात इतकं चढलं? मग स्वतःच म्हणाल्या, चढतं कधीकधी. वर माझं कौतुक केलं, सिस्टर, तुम्ही ओळखून आणलंत म्हणून, नाहीतर गेली असती.

मी काही बोलले नाही. तिथे बोलायला हवं होतं. बाकावर बसलेल्या पार्वताबाईंनी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले, तेव्हाही बोलायला हवं होतं. मी तेव्हा बोलले नाही, आणि मग बोलायची वेळ कधी आलीच नाही. गावात माझं नाव झालं. नर्सबाईनं हळदीकुंकवात बांगडीवरून आजार ओळखला. ती गोष्ट मी लोकांच्या तोंडून शंभरदा ऐकली आणि दर वेळी खाली बघितलं. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. दीड किलोची, तळहाताएवढी. तीन आठवड्यांनी मायलेकी घरी आल्या तेव्हा थंडी होतीच. पार्वताबाईंनी लगेच सिगडीचं नाव काढलं. मी म्हटलं, सिगडीपेक्षा गरम वस्तू घरात आहे. ते वांगी स्वेटर मागवलं, पुढून मधोमध उभं कापलं, कडा शिवून बटणं लावली. वनिताच्या उघड्या छातीवर बाळाला पालथं ठेवायचं आणि वरून स्वेटर बंद करायचं. बाळाचं फक्त टोपडं वर दिसायचं. वनिता दिवसभर अशी बसायची, रात्री अर्धवट टेकून तशीच झोपायची. ती दमली की पार्वताबाई स्वेटर घालायच्या आणि नातीला छातीशी घ्यायच्या, आणि दोनदा तर मी सुधाकरलाही त्यात पाहिलं. तो मला बघून लाजला. पोरगी त्या स्वेटरात दुप्पट झाली. पार्वताबाई मात्र शेवटपर्यंत म्हणायच्या, "बाईनं जीव वाचोला, पन सेटर नाही वाचोलं."

त्या हिवाळ्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. जुन्या चादरीचा पडदा शिवून तपासणीच्या खोलीत लावला आणि थंडीत तपासणीचं टेबल मागच्या अंगणात उन्हात न्यायला लागले. आणि दारात आलेल्या प्रत्येक बाईला नमस्काराच्या आधी सांगायला लागले, आधी स्वेटर काढ. शाल, जॅकेट, नवऱ्याचा कोट, सगळं. थंडी वाजते म्हणाली तर, दोन मिनिटं वाजू दे. मफलर मी पुन्हा कधी कानाला बांधला नाही. कानाला गार वारा लागून दर हिवाळ्यात माझा कान ठणकतो, तो ठणकू देते. गावातली पोरं माझ्या मागे 'सेटरवाली बाई' म्हणायची. निवृत्तीच्या दिवशी बायकांनी वर्गणी काढून मला काय दिलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पुढून बटणाचं होतं.

आता नागपुरातच मानकापूरला राहते. गल्लीतल्या गरोदर मुली बीपी बघायला येतात. पाऱ्याचं यंत्र मी जपून ठेवलंय. नवी आकडे दाखवणारी यंत्रं चांगली आहेत, पण मला कानात ऐकल्याशिवाय चैन पडत नाही. मागच्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी मी ओसरीत उन्हात बसले होते, तेव्हा फाटकातून वनिता आली. केस पिकले होते. बरोबर तिची मुलगी, प्रांजली, सहावा महिना. पार्वताबाई जाऊन चार वर्षं झाली. जावई आणि मुलगी दोघं विमानतळाकडच्या मिहानमधल्या कंपनीत, तिथे बारा महिने एसीचा गारठा, त्या सवयीनं प्रांजलीच्या अंगात स्वेटर आणि वर जॅकेट. तिची तपासणी चांगल्या डॉक्टरकडे चालू होती, कागदांची फाइल होती. मग इथे कशाला आणलं, मी विचारलं. आईचा हट्ट, प्रांजली हसून म्हणाली. मी दोघींना उन्हात बसवलं, पाणी दिलं, पोरगी दिवसात किती पाणी पिते ते विचारलं, रात्री पाय वळतात का ते विचारलं, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन डाव्या कुशीवर झोप म्हणून सांगितलं. न्हाणीघरात तेल लावून उभी राहू नकोस, खाली बसूनच आंघोळ कर, हेही सांगितलं. सवय जात नाही.

वनितानं पिशवीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात प्रांजलीचं जन्माचं सर्टिफिकेट, लसींचं कार्ड, आणि सगळ्यात खाली माझ्या अक्षरातलं ते जुनं गरोदरपणाचं कार्ड. प्रांजलीला दाखवायला आणलं होतं, पोरगी किती दिवस आधी आली ते. मी हातात घेतलं. शाई फिकी झाली होती, पण शेवटच्या ओळीतलं १२०/८० स्पष्ट होतं. खाली माझी सही.

मी इतकी वर्षं विचार केला होता की कधी सांगेन तर कसं सांगेन. त्यातलं काहीच आठवलं नाही. मी बोट ठेवून म्हटलं, "वनिता, हा आकडा खोटा आहे. मी तुझं बीपी घेतलंच नव्हतं त्या दिवशी."

तिनं वाकून त्या आकड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले माहीत हाय बाई."

"कसं?"

"तुमच्या कानावर मफलर होता. नळ्या गळ्यातच होत्या."

बावीस वर्षं. मला जागच्या जागी बसवेना. मी तिला विचारलं, "मंग बोलली काहून नाही वं, इतके दिवस?"

"काय बोलू? मले थंडी वाजून राह्यली होती. बाई सेटर काढाले सांगतात का काय, याचंच भेव वाटत होतं. तुमी नाही सांगतलं, मले बरं वाटलं." तिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि घडी घातली. "अन् मंग तुमीच कापलं ते. मी तेच ध्यानात ठेवलं. पन तुमाले माहीत आहे अन् मले माहीत आहे, म्हणून पोरीले इकडं आणलं. डॉक्टरीणबाई चांगली आहे, पन तिच्या हातून असं कधी झालं नसंल. तुमी आता चुकणार नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी यंत्र आणायला आत गेले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ आत थांबले. बाहेर आले तेव्हा प्रांजलीनं जॅकेट काढलं होतं, स्वेटर काढलं होतं आणि ब्लाउजची बाही वर करून उघडा दंड उन्हात धरून बसली होती. अंगावर काटा आला होता तिच्या. आईनं रस्त्यात सांगून ठेवलं होतं म्हणे.

मी पट्टा बांधला, नळ्या कानात घातल्या. कान ठणकत होता. वनिता माझ्या कानांकडे बघत होती, पाऱ्याकडे नाही. हवा हळूहळू सोडली. टकटक सुरू झाली, आणि थांबली. खात्रीसाठी मी पुन्हा एकदा घेतलं. मग चष्मा लावून प्रांजलीच्या फाइलमध्ये आकडा लिहिला आणि ते पान वनितापुढे धरलं.

११४/७२.

वनितानं तो मोठ्यानं वाचला. "गोल नाही हा," ती म्हणाली, आणि पोरीच्या अंगावर स्वेटर घातलं.